वात आणखी वर कर

"या कंदिलात आता राम राहिला नाही. वात वर कर जरा!"

मित्रांनो, हे वाक्य रोज संध्याकाळी माझ्यापासून वीतभर अंतरावर उच्चारले जाते. बोलणारे आमचे शिंपीकाका. आणि तो राम नसलेला जुना कंदील म्हणजे मी.

पत्रा कापून, वाकवून, जोडांना डाग देऊन कारागिराने मला उभे केले. मला विकत घेताना काका दुकानदाराला म्हणाले होते, "काळ्या कापडावर काळा दोरा दिसला पाहिजे, असा दिवा द्या." तो दोरा मी दाखवत आलो. "आमचा कंदील म्हणजे दिवसाचा तुकडा," असे काका आल्यागेल्याला सांगत. मी फुगलो नाही. फुगायला जागा कुठे, पोटात रॉकेल!

स्वस्थ बसणे मला जमत नाही. रॉकेलला मात्र जमते. त्याच्यात रासायनिक ऊर्जा दडून बसलेली असते, पण हात लावाल तर गार. पेटवले की वातीतून चढलेल्या तेलाची वाफ होते, हवेतल्या प्राणवायूशी तिची गाठ पडते, आणि दडलेले सगळे उष्णता आणि प्रकाश होऊन बाहेर येते. प्रकाशाचा वाटा इवलासा, बाकी सगळा ताप. घरातल्या बोलण्याचेही तसेच असते म्हणा.

माझ्या ज्योतीत कार्बनचे बारीक बारीक कण तापून पिवळे होतात, तोच माझा उजेड. वात फार वर केली की तेल ढीगभर आणि हवा अपुरी. मग ते कण न जळताच काजळी होऊन काचेवर बसतात. जास्त मागाल तर कमी मिळेल, असा हा व्यवहार. पण काकांना हे सांगणार कोण?

काही महिन्यांपासून त्यांचे एकच चालले होते, वात वर, आणखी वर. सूनबाईंनी नवी वात घातली. काकूंनी रॉकेल गाळून भरले. काच तर राखेने इतकी घासली की तिलाच लाज वाटावी.

"रॉकेलच भेसळीचं," काका म्हणायचे.

"हो ना, हल्ली कशात भेसळ नसते!" काकू म्हणायच्या.

"काचही हलकी लावलीस."

"हलकीच असणार, बाबा," सूनबाई मान खाली घालून म्हणायच्या.

आणि सकाळी काका अंघोळीला गेले की दोघी सासूसुना खिडकीशी बसून त्यांची वाकडी शिवण उसवायच्या आणि सरळ घालून ठेवायच्या. "आटप, पाणी थांबलं बघ," काकू कुजबुजायच्या. मी खुंटीवर विझलेला. जळताना निदान फडफडता तरी येते.

मित्रांनो, एक विनंती करतो. दिवा मंद वाटला तर काच पुसा, वात कातरा, हवेची भोके मोकळी ठेवा. एवढे करूनही कमी दिसले, तर कृपा करून वात वर करू नका. काल काय झाले ते ऐका.

काकांच्या मांडीवर गिऱ्हाइकाचा काळा कोट होता. सुई ओवता येईना. त्यांनी दोरा ओठांत ओला केला, पुन्हा चुकला. "ही काचच उजेड खाते!" म्हणत त्यांनी काच वर उचलली, वात पार टोकाला नेली आणि सुई घेऊन माझ्यावर वाकले. काच उचलल्यावर मला आडोसा उरत नाही. मी भडकलो, धुरलो, इकडेतिकडे झुकलो. दूर व्हा, हे सांगायची माझी एवढीच रीत. ते आणखी जवळ आले.

चर्र झाले. केस जळाल्याचा वास खोलीभर पसरला. अर्धी भुवई गेली होती.

"उद्याच हा भंगारात द्या!" काका ओरडले. "मोठा दिवा आणा. दोन आणा!"

"हो बाबा, उद्याच आणू," सूनबाई घाईघाईने म्हणाल्या.

काकू उठल्या. त्यांनी पदराने धरून काच खाली बसवली, वात उतरवली. धूर थांबला. कधी नव्हे तो मी न हलता जळू लागलो, पिवळा, स्वच्छ.

"अगं, खाली काय करतेस? वर कर!"

"नाही करायची." काकूंनी त्यांच्या बोटांतून सुई अलगद काढून घेतली. "दिवा चांगला आहे. तेल चांगलं आहे, काचही चांगली आहे. तुम्हाला दिसत नाही हो आता."