तिसऱ्या बाईंनी विचारलेलं

लहान मुलांच्या वॉर्डात त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. मागच्या वर्षी त्यांना वॉर्डाचं प्रमुख केलं आणि तिथून काहीतरी बिनसत गेलं. आठ महिन्यांत दोन अनुभवी सिस्टर राजीनामा देऊन गेल्या. मग रुग्णालयाच्या अधीक्षकांनी एक दिवस बोलावून तीन नावांचा कागद पुढे सरकवला.

"यातला एक कोच निवडा. माणसं कशी सांभाळायची, यावर सहा महिने त्यांच्याशी बोला."

"म्हणजे माझं चुकलं म्हणायचं?"

"तसं कोण म्हणतंय? भेटून बघा, पसंती तुमची."

घरी नवरा म्हणाला, "बावन्नाव्या वर्षी शिकवणी लागली की तुला!" पण त्यांचा चेहरा बघून तो पुढे हसला नाही.

पहिले गृहस्थ चकचकीत ऑफिसात भेटले. तासाभरातली पन्नास मिनिटं तेच बोलले. शेवटी म्हणाले, "तीन महिन्यांत तुम्ही स्वतःला ओळखणार नाही."

"ओळखता आलं तर बरं, म्हणून आले होते," म्हणत मोठ्या सिस्टर उठल्या.

दुसऱ्या बाई फार गोड होत्या. प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर" म्हणायच्या. जिना उतरताना सिस्टरांना हलकं वाटलं, याच बाई नक्की करायच्या असं मनात आलं. बसथांब्यावर उभं राहिल्यावर मात्र जाणवलं, की गेलेल्या दोघी सिस्टर कामचुकार होत्या असं आपण ठोकून दिलं, तेही या बाईंना अगदी बरोबर वाटलं होतं.

तिसऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी आधी खुर्ची फिरवून घेतली.

"इथलं बोलणं अधीक्षकांना कळणार का?" सिस्टरांनी विचारलं.

"तुम्ही येता की नाही, तेवढं कळवीन. त्याहून जास्त विचारलं, तर आधी तुम्हाला सांगेन."

मग त्या ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दोघी गेल्या म्हणालात. एकीबद्दल मघापासून सांगताय. दुसरीचं काय?"

दुसरी म्हणजे वॉर्डात जिला सगळे धाकटी सिस्टर म्हणत ती. एकोणीस वर्षं बरोबर काम केलेली, त्यांनीच हाताला धरून शिकवलेली. एका सकाळी तिने एका बाळासाठी दुप्पट औषध भरलं होतं. द्यायच्या आधी मोठ्या सिस्टरांच्या लक्षात आलं आणि बाळाच्या आईसमोरच त्या कडाडल्या, "एकोणीस वर्षांत एवढंही आलं नाही तुला?" दुपारी बाळाच्या औषधांचा तक्ता उघडून बघितला, तर चुकीचा आकडा त्यांच्याच अक्षरात होता. डॉक्टरांचा डोस उतरवून घेताना त्याच चुकल्या होत्या. त्यांनी तक्ता दुरुस्त केला, नियमाप्रमाणे वर कळवलं. धाकटीला मात्र काही बोलल्या नाहीत. महिन्याभरात ती गेली.

हे सगळं त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

"मग आज मी तुम्हाला हो म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "तिच्याकडे जायला कोच लागत नाही. जाऊन या, मग बघू. नाहीतर सहा महिने आपण भलतंच बोलत बसू."

हे जिव्हारी लागलं. दोन दिवस त्या धुसफुसत होत्या. दुसऱ्या बाईंचं नाव कळवावं म्हणून फोनही उचलला, आणि खाली ठेवला. रविवारी धाकटीचं दार वाजवलं.

ती ओले हात पुसत आली. "या," म्हणाली, पण हसली नाही.

"तक्त्यावरचा आकडा माझा होता," सिस्टर उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"माहीत आहे. तुमचं अक्षर मी ओळखत नाही का?"

"मग तेव्हा का गप्प बसलीस?"

"बाळाची आई समोर उभी होती. तुमच्यावरचा तिचा विश्वास उडाला असता, तर तिने बाळ कुणाच्या भरवशावर सोडायचं?" तिने खुर्ची पुढे सरकवली. "चूक माझीही होती. डोस जास्त वाटला होता मला. विचारायला हवं होतं. पण तुम्ही प्रमुख झाल्यापासून तुम्हाला काही विचारायची भीतीच वाटायची."

सिस्टर खुर्चीत बसल्या. डोळे भरून आले. धाकटीने पाणी आणून दिलं.

"परत ये."

"नाही हो. दुसरीकडे लागलेय मी. आणि खरं सांगू? ते शब्द अजून जात नाहीत कानातून."

"माझं चुकलं गं."

धाकटी जिन्यापर्यंत सोडायला आली.

सोमवारी त्यांनी अधीक्षकांना तिसऱ्या बाईंचं नाव दिलं. त्याआधी सकाळी सातला, पाळी बदलताना, सगळ्या सिस्टर जमल्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी त्या दिवशीचा प्रकार सांगितला, धाकटीचं नाव घेऊन आणि स्वतःची चूक न झाकता. मग मागून एक सिस्टर चाचरत म्हणाली, "मोठ्या सिस्टर, चार नंबरच्या बाळाचा डोस मला जरा जास्त वाटतोय. एकदा बघता का?"

"दाखव," त्या म्हणाल्या, आणि चष्मा लावून तिच्याबरोबर निघाल्या.