डाव्या वळणाचा हॉर्न

"देवाला बोललेलं उद्यावर टाकू नको, उषा. उद्या म्हणलं की ते न्हाई म्हणल्यासारखंच."

माझी आई द्वारकाबाई तीर्थपुरीला भाकरी थापता थापता हे सांगायची. आई गेली, पण तिचं हे वाक्य माझ्यापाशी राहिलं. ते कधी एका मोटारीपायी उपयोगी पडेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

मोटार सासऱ्यांची. निजामाच्या काळात त्यांनी हैदराबादच्या कुणा नवाबाकडून आणलेली. लाल रंगाची, दोनच माणसांची, छप्पर नसलेली आणि जमिनीला इतकी टेकलेली, की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. शर्यतीची गाडी म्हणे. जुन्या जालन्यात तिनं शर्यत लावली ती एका बैलगाडीशी. त्यातही हीच हरली.

सासऱ्यांमागं ती आमच्या यजमानांकडे आली. साहेबराव त्यांचं नाव. बियाण्यांचं दुकान. दुकान पलीकडच्याच गल्लीत, तरी हे ऑटोनं जायचे. चालण्याशी यांचं कधी जमलंच नाही.

अठ्ठ्याऐंशी साली गाडीला एक खोड लागली. डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. नेहमी नाही; तिच्या मनात असेल तेव्हाच. शिवाय खड्ड्यात आदळली की इंजिन बंद पडायचं आणि घरंगळत पुढच्या खड्ड्यात गेली की परत सुरू व्हायचं. खड्ड्यांची आपल्याकडे वानवा नव्हती, म्हणून तेवढं निभायचं. हॉर्नचं काय करावं हे मात्र कळेना.

त्यात माझा नेम. सकाळी उठल्यापासून आनंदी स्वामींचं दर्शन होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. देवळात हे मला गाडीनं सोडायचे. मी मुकाट्यानं मांडीवर फुलांची परडी धरून बसायची आणि माझ्या वाटचं सगळं गाडी बोलायची. शेवटी यांनी सगळी वळणं उजवीकडची असलेला रस्ता शोधून काढला. उजवीकडे, मग उजवीकडे, परत उजवीकडे. कापडाच्या दुकानांतले लोक हात जोडून म्हणायचे, "साहेबरावांची गाडी प्रदक्षिणा घालून राह्यली!"

वायरिंगचं काम करणारा कचरू यांचा लहानपणचा मित्र. हे रोज त्याच्या मागं लागायचे. पण गाडी कचरूच्या दारात गेली की अगदी शहाण्यासारखी वागायची.

"हिचं शाळेतल्या पोरासारखं हाय, वहिनी," कचरू म्हणायचा. "मास्तर दिसले की पोटात दुखायचं थांबतं."

मग अंगारकी आली. आम्ही पंचवीसेक किलोमीटरवरच्या राजूरच्या गणपतीला गेलो. देवळासमोर गर्दीत गाडी लावताना चाक डावीकडे वळलं आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. बायका कानावर हात ठेवायला लागल्या. नारळवाला ओरडला, "अहो, देव उठलेला हाय, बास करा!" आतून पुजारी बाहेर आले. यांना घाम फुटला. स्टिअरिंग सोडून यांनी दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "बाप्पा, हिच्यातला दोष सापडू दे, जालन्याहून अनवाणी पायी दर्शनाला येतो!"

हॉर्न थांबला. एकदम.

"ऐकलं बाप्पानं!" पुजारी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय बोलून बसलो हे यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं.

परतीच्या वाटेवर जालना दिसायला लागलं तसे हे म्हणाले, "मी काय बोल्लो? दोष सापडू दे बोल्लो. सापडला का? न्हाई. हॉर्न थांबणं येगळं अन् दोष सापडणं येगळं. बराबर का न्हाई?"

मी म्हणाले, "सापडेल की."

"जल्दी काय हाय?" हे म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या घरी उलटं वारं सुरू झालं. आता कचरूच यांच्या मागं लागला होता, आणि हे त्याला गाडीला हात लावू देईनात. एक दिवस अमावस्या निघाली. दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या कुणा लांबच्या चुलत्याचं सुतक निघालं. ते चुलते पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन ज्वारीचं बियाणं घेऊन गेले. कचरूनं पान्हा काढला की हे भजी मागवायचे. भजी खाऊन झाली की म्हणायचे, "आता तेलकट हातानं वायरी नको धरू."

"साहेबराव, दोष काढायचा का न्हाई?" कचरू वैतागून म्हणाला.

"मला वाटतं तो तिचा स्वभाव हाय. स्वभावाला दोष म्हणत न्हाईत."

मला मात्र घास गोड लागेना. नवस बोलून त्याला असं टोलवत राहायचं? देवापुढं दिवा लावताना आईचा आवाज कानात यायचा. यांना चार शब्द सुनावणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी नुसती गणपतीला म्हणायची, बाप्पा, तूच बघ.

एका सकाळी हे अंघोळीला गेलेले असताना कचरू न सांगताच येऊन गाडीत शिरला. शिरला म्हणजे डोकं खाली पायांच्या जागेत, पाय दाराबाहेर. त्यानं हॉर्न सोडवून त्या जागी दोन वायरींना एक बल्ब जोडला आणि तो माझ्या पुढ्यात ठेवला.

"वहिनी, मी आतून एकेक वायर हलवतो. जिथं दोष आसंल तिथं बल्ब पेटंल. मला इथून काई दिसत न्हाई. पेटला की आवाज द्या."

माझं मौन होतं. मी मान हलवली, पण ती त्याला कुठून दिसणार? मी देवघरातली घंटी आणून बल्बापुढं बसले आणि एकदा किणकिण करून दाखवली.

"आं? हां, मौन! चालंल, घंटी वाजवा."

तेवढ्यात हे टॉवेलवरच बाहेर आले. कचरूचे पाय बघितले, बल्ब बघितला, माझ्या हातातली घंटी बघितली. यांना सगळं समजलं. कचरूच्या पायांआडून मला खुणा करायला लागले. नको. नको वाजवू.

आणि बल्ब पेटला.

हे दोन ढांगांत आले आणि बल्बावर ओंजळ धरली. बोटांच्या फटींतून लाल उजेड दिसत होता. यांची नजर अशी केविलवाणी, की मलाच कसंतरी झालं. त्यात बल्ब तापला असावा, कारण हे एका पायावर नाचायला लागले, तरी ओंजळ सोडेनात.

"पेटला का वहिनी?" आतून कचरू.

नवऱ्याची लाज राखावी की देवाची? पण न वाजवणं म्हणजे खोटं बोलणंच झालं असतं, तेही मौनात. मी डोळे मिटले आणि घंटी वाजवली. चांगली वाजवली.

शेजारच्या भंवरीबाई पदर सावरत धावत आल्या. "अगं उषाभाभी, आज आरती गाडीत? थांब, मी कापूर आणते!" मग टॉवेलवर नाचणारे साहेबराव दिसले तशा त्या आल्या पावली परत गेल्या.

कचरू बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाल दोऱ्याचा नारळाएवढा गुंता होता.

"हे काय हाय, साहेबराव?"

ते दसऱ्याच्या पूजेचे नाडे होते. हे दर दसऱ्याला गाडीची पूजा करून स्टिअरिंगखाली, जिथं हात पुरेल तिथं, एक नाडा बांधायचे. जुना सोडायचा नाही, त्यावरच नवा. त्या सगळ्यांनी दोन वायरी आवळून धरल्या होत्या. चाक डावीकडे गेलं की हॉर्नची वायर ताणली जाऊन लोखंडाला घासायची. वरचं कव्हर झिजून गेलं होतं. दुसरी, इंजिनची वायर खड्ड्यात जागची निसटायची आणि पुढच्या खड्ड्यात परत बसायची.

"म्हंजी दोष तुम्हीच बांधून ठेवल्ता," कचरू म्हणाला.

हे क्षणभर गोरेमोरे झाले, मग यांचा चेहरा खुलला. "बिलकुल! दोष माझा. गाडी बिचारी निर्दोष. मी नवस बोल्लो तो गाडीतल्या दोषाचा. मंग तो लागूच व्हत न्हाई!"

कचरूनं कपाळाला हात लावला. "बियाणं कशाला इकता? कोर्टात उभं ऱ्हा."

नव्या वायरी बसवल्यावर हे मला घेऊन देवळात निघाले, आणि मुद्दाम डावीकडून. हॉर्न वाजला नाही. दुसऱ्या वळणाला वाजला नाही. कापडाच्या दुकानांपाशी कुणी बाजूला होईना, कारण गाडी आल्याचं कुणाला कळेचना. हे खुशीत होते, पण देवळात मूर्तीपुढं उभं राहिल्यावर यांनी वर बघितलं नाही.

संध्याकाळी वाढता वाढता मी हळूच म्हणाले, "उद्या मी जाते राजूरला. पायी. नवस घरातलाच हाय, कुणीतरी फेडला म्हंजी झालं."

"तू? उद्या तुझा उपास हाय."

"मंग काय झालं?"

यांनी हातातला घास ताटात ठेवला.

पहाटे उठून मी तांब्या भरला, परडीत दूर्वा घेतल्या आणि दाराशी आले. यांच्या चपला दारातच होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. हे फाटकापाशी उभे होते, विजार पोटरीपर्यंत दुमडलेली. मला बघून यांनी ओठांवर बोट ठेवलं, परडीतल्या दूर्वा खिशात घातल्या, तांब्या माझ्या हातातून काढून घेतला आणि मला दारातच थांबायची खूण केली. गाडीजवळून जाताना तिच्या बॉनेटवर एकदा थोपटलं. मग खडे टोचतील तसे पाय उचलत हे निघाले, आणि कोपऱ्यावर गेल्यावर डावीकडे वळले.