नवरीचा सॉना
लेकीच्या लग्नाआधी बायकांनी मिळून घ्यायच्या वाफेच्या न्हाणीत, सॉनात, आईच नसेल तर लोक काय म्हणतील, या विचाराने हिल्माची झोप उडाली होती. सोरायसिसचे खवल्याखवल्यांचे चट्टे कोपरांवर, पाठीवर, मांड्यांवर. चारचौघींत उघड्या अंगाने सॉनातल्या फळीवर बसणं तिने कधीच सोडलं होतं. आता तर नवऱ्या मुलाकडच्या बायका येणार.

दवाखान्यातल्या रौनी नर्सने पिवळं मलम दिलं आणि वर दमही भरला. "तिथली कातडी वेड्यासारखी वाढत सुटते ना, तिला हे लगाम घालतं. पण चांगल्या कातडीला लागलं की भाजून काढतं. फक्त चट्ट्यावर लावायचं, थोड्या वेळाने धुऊन टाकायचं. जास्तीचा शहाणपणा नको, हिल्मा!"

तो तिने केलाच. चट्टे हळूहळू उतरत होते, पण लग्न तोंडावर आलं होतं. सर्दी असो की कंबर, हिल्माच्या माहेरी सगळं सॉनातच बरं व्हायचं. वाफेने औषध लवकर मुरेल म्हणून मलम फासून ती एकटीच आत जाऊन बसली. घामाबरोबर मलम पाठीवरून, पोटावरून ओघळलं. चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय, असं तिने ठरवून टाकलं. हट्टी बाई, दुसरं काय!

दोन दिवसांत चट्ट्यांभोवतीची चांगली कातडी तपकिरी पडून सुजली, फोड आले.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लेकीने, सिर्काने, सॉना तापवला. हिल्मा अंग झोडून घासायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन दाराशीच थबकली.

"मी नाही येत गं. त्या बायकांपुढे कशी बसू?"

"कुठल्या बायका?" सिर्का हसली. "त्यांना मी येऊच नका म्हटलं. तू लाजतेस ना, म्हणून. आज आपण दोघीच. लहानपणी तूच घासायचीस माझी पाठ. तुझे चट्टे मला काय नवीन आहेत, वेडाबाई?"

हिल्माने झगा उतरवला. सिर्काचं हसू मावळलं.

"आई, हे काय करून घेतलंस!"

तरीही हिल्मा आत गेली. तापल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ अंगाला भिडली आणि ती ओरडतच बाहेर आली. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"तू आटप," पायरीवर बसून ती म्हणाली. "जुडी आतच राहिलीय."

आत दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला. मग सिर्का आपली पाठ आपणच घासू लागली.