बाणीचं शेवटचं वेत

इनामगावात बिरदेवला सगळे डॉक्टर म्हणत, आणि तो कधी नाही म्हणत नसे. खरं म्हणजे तो डॉक्टर नव्हता. कृत्रिम रेतनाचं काही महिन्यांचं प्रशिक्षण, मोटारसायकलला बांधलेला नायट्रोजनचा कॅन आणि खांद्यापर्यंत चढवायचे प्लास्टिकचे हातमोजे, एवढ्या भांडवलावर तो इकडे मांडवगणपासून तिकडे दौंडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत गाई भरत हिंडायचा. पण हाताला यश होतं. बिरदेवनं भरलेली गाय सहसा उलटत नाही, म्हणजे एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येत नाही, असं लोक म्हणत. त्याचा आजा मेंढरांमागं पायांचे तळवे झिजवून मेला, बापानंही निम्मं आयुष्य उघड्यावर काढलं, आणि आता त्यांच्या पोराला लोक चहा पाजल्याशिवाय गोठ्यातून सोडत नव्हते. माणूस थोडा फुगणारच.

त्यात कालवडीची कांडी आली. कांडी म्हणजे गोठवलेल्या रेताची काडीएवढी पुंगळी, आणि ह्या रेतातून शंभरात नव्वद वेळा कालवडच होते. जर्शी गोऱ्ह्यांचं काय करायचं हे कुणालाच सुटत नव्हतं. ना औताला, ना दुधाला. कालवडीच्या कांडीनं तो घोर मिटला आणि बिरदेवचा भाव वधारला. डेअरीवर दूध घालायला आलेल्या लोकांपुढं तो भाषणं द्यायला लागला.

एकदा सर्जेआप्पांनी आपली गाय वळूकडं नेली हे त्याच्या कानावर आलं. सकाळी डेअरीवर वीस-पंचवीस माणसं उभी होती. बिरदेवनं तिथंच आप्पांना धरलं.

"आप्पा, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलता आन् गाय वळूकडं नेता? उद्या गारगोटीवर चूल पेटवा म्हंजी झालं!"

लोक खो खो हसले. आप्पा खाली मान घालून किटली उचलून चालते झाले. रांगेच्या शेवटी बिरदेवची आई गिताबाई दुधाची बरणी घेऊन उभी होती. ती हसली नाही, पण तिच्याकडं बघतो कोण?

बिरदेवच्या गोठ्यात पाच विलायती होस्टन गाई होत्या आणि कोपऱ्यात एक खिलार. तिचं नाव बाणी. चौदा वर्षांची, अंगानं पांढरीशुभ्र, मागं वळलेल्या लांब शिंगांची, स्वभावानं तिखट. दूध म्हणाल तर जेमतेम वाटीभर. दुसऱ्या कुणाच्या घरी ती इतकी वर्षं राहिली नसती, पण ती गिताबाईची गाय होती आणि तिच्याविषयी बोलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

त्यालाही कारण होतं. बिरदेवचा जन्म मेंढरांमागं, उघड्या माळावर झाला. गिताबाईला ताप भरला, अंगावर दूधच उतरेना. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. तेव्हा तिचा बाप दौंडहून एक दुभती खिलार घेऊन रात्रंदिवस चालत आला. त्या गाईच्या दुधावर बिरदेव जगला. बाणी त्याच गाईची पणती. मधल्या सगळ्या गाई याच दावणीला जन्मल्या, याच दावणीला मेल्या. बाणीनं मात्र पाच वेतांत पाच गोऱ्हे दिले. सहाव्या वेताला कालवड झाली ती लंपीच्या साथीत गेली. आता म्हातारी फार तर आणखी एकदा विणार होती. त्या वेताला कालवड झाली तर वंश राहणार, नाही तर संपला. गिताबाई हे बोलून दाखवत नसे. बाणीला चारा टाकताना मात्र ती तिच्या पोटावरून हात फिरवायची आणि तिथंच ठेवायची.

हे बिरदेवला ठाऊक होतं. आईशी गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही. कामातून जे होईल ते. दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एकाकडून त्यानं खिलारच्या कालवडीची एक कांडी मिळवली. सहज मिळणारी गोष्ट नव्हती ती. त्यासाठी त्यानं किती जणांच्या मिनतवाऱ्या केल्या. ती कांडी त्यानं कॅनच्या तळाशी जपून ठेवली आणि घरात कुणाला सांगितलं नाही. आईला एकदम सांगायचं, असं त्याच्या मनात होतं. पण बाणी माजावरच येईना. वय झालं, असं त्याला वाटलं. तो रोज सकाळी तिच्याकडं बघायचा आणि मनातल्या मनात खट्टू व्हायचा.

मग गिताबाई भाचीच्या, मोनिकाच्या हळदीला माहेरी दौंडला गेली आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी बाणी हंबरायला लागली. शेजारच्या होस्टनीवर पाय टाकू लागली. बिरदेव दात घासत होता, तो तसाच पळत गोठ्यात आला. माजावरच्या गाईच्या अंगावरून जातो तो चिकट सोट फारसा दिसत नव्हता. पण आनंद झालेल्या माणसाला तेवढं दिसत नाही.

"स्वप्नाली, पाणी गरम कर. कोमट, जास्त न्हाई," त्यानं बायकोला हाक मारली.

स्वप्नाली पाणी घेऊन आली आणि काय चाललंय ते बघून दारातच थबकली. "अवो, आत्याबाईंना येऊ द्या की. त्यांची गाय हाय."

"माज काय आई येईपत्तोर थांबतोय व्हय? आल्यावर सांगू. बघ कशी खूश व्हती ती."

त्यानं घड्याळ लावून कांडी कोमट पाण्यात धरली, पुसली, कापली, गनच्या लांब नळीत भरली. दुसऱ्याच्या गोठ्यात त्याचा एक नेम होता. आधी नुसता हात घालून गर्भाशय चाचपायचं, गाय रिकामी आहे ना याची खात्री करायची आणि मगच कांडी बाहेर काढायची. मालक शपथेवर सांगत असला तरी. पण ही तर आपल्या दावणीची गाय. तिचं खाणंपिणं, येणंजाणं सगळं आपल्या डोळ्यांसमोरचं. आपल्याला ठाऊक नाही असं तिचं काय असणार?

डावा हात आत घालून त्यानं उजव्यानं नळी सरकवली, ती अडली. गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. माजावरच्या गाईचं तसं नसतं. म्हातारी गाय, आवळलं असेल, असं म्हणून त्यानं मनगट जरा वळवलं आणि नेट लावला. बाणीनं पाठ वाकवली. नळी आत गेली.

गिताबाई बाणीला भरल्यापासून तिसऱ्या दिवशी एसटीनं परतली. हातापायांवर हळद होती, पदराला लाडवांचं गाठोडं होतं. तिनं पाय धुवायच्या आधीच बिरदेवनं सांगून टाकलं.

"आये, बाणीला भरली. खिलारचीच कांडी, कालवडीची. दोन म्हैनं ठिवली व्हती तुझ्यासाठी."

गिताबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"कवा?"

"परवा सकाळी. माजावर आली व्हती."

तिनं तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं. पाय धुवून आत आली, लाडू काढून सुनेच्या हातात दिले. बिरदेव जेवायला बसला तेव्हा तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि दुसरीकडं बघत विचारलं, "बिरू, गाभण गाईला चुकून भरलं तर काय व्हतं रं?"

"गाभडती. पाच-सा दिसांत वासरू टाकती," बिरदेव घास चावत म्हणाला. "गाभण गाय बी कधीमधी माज दाखवती. म्हणून तर आधी तपासायचं असतं. न तपासता भरणारा माणूस अडाणी समजायचा. का गं? कुणाची हाय?"

"हळदीत बाया बोलत व्हत्या," ती म्हणाली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दिवेलागणीपर्यंत बाणीच्या जवळ पोत्यावर बसून राहिली. बिरदेवनं ओट्यावरून तिच्याकडं बघितलं आणि त्याला भरून आलं. आईला आनंद पेलत नाही, असं त्याला वाटलं. मूर्ख माणूस! पण त्या घडीला तो खरंच सुखात होता, आणि तसं सुख त्याला पुढं मिळालं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो मांडवगणला एका गोठ्यात असताना स्वप्नालीचा फोन आला.

"बाणी गाभडली."

"येडी का काय तू? पाच दिसांचं काय गाभडणार? दिसायला तरी पायजे ना."

"तुम्ही या," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून त्यानं फोन खिशात टाकला. गाय तशीच उभी सोडून त्यानं मोटारसायकलला किक मारली.

बाणी मान खाली घालून उभी होती. मागून वार लोंबत होती. तिच्यापाशी गिताबाई मांडी घालून बसली होती, आणि मांडीवर जुन्या लुगड्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. शेजारी कोमट पाण्याची बादली. स्वप्नाली दाराशी डोळ्यांना पदर लावून उभी होती.

बिरदेव खाली बसला. फडक्यातून बाहेर आलेला एक पाय त्याला दिसला. करंगळीएवढा पाय, टोकाला पांढरं मऊ खूर. पाच दिवसांत पाय येत नाही. हे तीन महिन्यांचं होतं.

"आये, हे कसं?"

गिताबाई बाणीच्या पायाकडं बघत बोलायला लागली. "उन्हाळ्यात वस्तीवरच्या मल्हारीकडं नेली न्हवती का? तुला म्हणलं, वला चारा हाय त्याच्याकडं. त्याच्याकडं शर्यतीचा वळू हाय. खिलारच. त्याला दावली."

"मग सांगायचं ना मला!"

"कसं सांगू? तू डेअरीवर सर्जेआप्पाला बोललास तवा मी तिथं व्हते. डॉक्टरच्याच घरातली गाय वळूकडं गेली म्हणल्यावर लोकांनी तुला कुठं ठिवलं असतं? म्हणलं, पोट दिसाया लागल्यावर सांगू. तवा काय, घरातल्या घरात मिटंल."

म्हणजे तोंडावर हसून आप्पांना जी मान त्यानं खाली घालायला लावली, ती पोरालाही घालावी लागेल या भीतीनं त्याची स्वतःची आई गप्प बसली होती. बिरदेवला त्या सकाळचं सगळं आठवलं. लोकांचं हसणं आठवलं आणि आपणही किती हसलो ते आठवलं. त्याला वाटलं, कुणी तरी आपल्या थोबाडीत मारावी.

"आन् परवा घरी आल्यावर? तवा तरी?"

"तवा काय उपेग व्हता? तू खूश व्हतास," गिताबाई म्हणाली. मग तिनंच त्याला वाट काढून दिली. "तू म्हणतोस न्हवं, वळूनं रोग येतो म्हणून? तसंच झालं असंल. मल्हारीच्या वळूलाच काही असंल. तुझा काय दोष?"

ही वाट फार सोपी होती. गावात सांगायला तर उत्तम. वळूकडं नेली, बघा काय झालं. बिरदेवनं क्षणभर तिकडं बघितलंही. पण त्याच्या उजव्या मनगटाला तो नेट अजून आठवत होता.

"न्हाई, आये. नळी अडली व्हती," तो म्हणाला. "मला कळलं व्हतं अडली ते. माझा एक हात आतच व्हता. इतभर पुढं सरकवला असता तर हे हाताला लागलं असतं. मी ढकलली."

गिताबाईनं डोळे मिटले. रडली नाही. तिचा हात तेवढा फडक्यावर हलकेच थोपटत राहिला, निजवल्यासारखा.

"पुन्हा ऱ्हाईल का ती?" तिनं विचारलं.

चौदा वर्षांची गाय, त्यात अशी गाभडलेली, वार अडकलेली. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्यानं एका शब्दात सांगितलं असतं. आईला त्यानं नुसती मान हलवून नाही म्हटलं.

मग त्यानं तिच्या मांडीवरून ते फडकं उचललं आणि उघडलं. वीतभर वासरू. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान चिकटलेले. सगळं अंग कोमट पाण्यानं पुसून स्वच्छ केलेलं होतं, खुरांच्या फटीसुद्धा. त्यानं मागचे पाय अंगठ्यानं अलगद बाजूला केले. मध्ये चार बारीक ठिपके होते, मोहरीच्या दाण्याएवढे. चार सडं.

ज्या कालवडीसाठी दोन महिने कांडी जपली, ती तर आधीच आत होती. कांडी लागतच नव्हती, डॉक्टर लागत नव्हता. नुसतं कुणी हात लावला नसता तर भागलं असतं. त्यानं घाईघाईनं फडकं मिटलं. वर बघितलं तर आई त्याच्याकडंच बघत होती.

"काय व्हतं रं?"

तो आईशी कधी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण इतकं जड खोटं कधी बोलला नव्हता.

"गोऱ्हा हाय, आये. गोऱ्हाच झाला असता."

गिताबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं आयुष्यात जेवढ्या गाई भरल्या, त्याच्या दुप्पट मेंढ्या आणि गाई तिनं विताना आपल्या हातांनी सोडवल्या होत्या. ते वासरू तिनंच झेललं होतं, तिनंच अंगभर पुसलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "मला बी तसंच दिसलं. गोऱ्हाच व्हता. मग ऱ्हाऊन तरी काय करायचं व्हतं?"

तिनं हात पुढं केला आणि लहानपणी पुसायची तसं पदरानं त्याचं तोंड पुसलं. बिरदेव फडकं छातीशी धरून तसाच बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. मागं बाणी मान वळवून त्या फडक्याकडं बघत हंबरत होती. गिताबाई उठली, भिंतीला टेकवलेली कुदळ तिनं घेतली आणि खड्डा खणायला ती एकटीच बाहेर गेली.