अकरा रोपांचा बाप

“फुकट देतोय म्हणून फुकटात मारू नकोस. नळाचं पाणी घातलंस तर आठ दिवसांत मान टाकेल. पावसाचं साठव, तेच घाल. आणि नर की मादी ते फूल येईस्तोवर विचारू नकोस, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.”

चष्मेवाल्याचा हा आवाज घड्याळजींच्या कानात तीस वर्षं जसाच्या तसा होता. दोघांची दुकानं तेव्हा समोरासमोर. एका दुपारी त्याने घटपर्णीची एक काडी ओल्या शेवाळात गुंडाळून घड्याळजींच्या हातावर ठेवली. काडीला पानं फुटली. पानाचं टोक लांबत लांबत दोरा झालं आणि दोऱ्याच्या शेवटी झाकणासकट एक इवलीशी सुरई लोंबू लागली. माशी काठावर आली, घसरली, आत पडली, झाडाचं पोट भरलं. ते बघून घड्याळजी जे खुळावले ते कायमचेच. पुढे बायको गेली, दुकान मिटलं, पण मागच्या गॅलरीतल्या काचेच्या कपाटांत सुरया लोंबतच राहिल्या. “झाडं मांसाहारी आणि मालक पथ्यावर,” असं मुलगा येताजाता म्हणायचा.

चष्मेवाल्याशी मात्र बोलणं तुटून बारा वर्षं झाली होती. एका प्रदर्शनात त्याने दहा जणांसमोर सांगितलं होतं, “या रोपाची पाटी चुकलीय तुझी. बाप हा नव्हे.” घड्याळजींनी रोपं उचलली आणि तडक घर गाठलं. पाटी खरंच चुकली होती, हे त्यांना पुढच्याच मोसमात कळलं. पण ते त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही.

आज ते पुन्हा पाट्या घेऊन बसले होते. उद्या गावातली घटपर्णीवेडी मंडळी रोपं न्यायला येणार होती. ऑपरेशनपासून घड्याळजींचा हात थरथरायचा, म्हणून पेन्सिल सूनबाईच्या हातात होती. आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं, अशी पाटी लिहायची रीत.

आईबद्दल प्रश्नच नव्हता. चौदा वर्षं वाट बघायला लावून ‘थोरली’ तीन वर्षांपूर्वी फुलली, मादी निघाली, आणि नेमके त्याच आठवड्यात घड्याळजी न्हाणीघरात घसरून खुबा मोडून बसले. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. दोघं एका वेळी फुलतीलच असं नाही, म्हणून नराचे पराग फ्रीजरमध्ये जपायचे. त्यांच्या ‘पोपटरावा’चे पराग अत्तराच्या रिकाम्या डबीत होते.

“मऊ ब्रशने लाव, सूनबाई,” त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून बजावलं होतं. “चारच दिवस हातात आहेत.”

“लावते, बाबा. तुम्ही पाय हलवू नका, झाडं मी हलवते.”

शेंगा धरल्या. केसासारखं बी आलं. अकरा रोपं जगली. सूनबाईने घरातली प्रत्येक बादली पागोळ्यांखाली लावली, शाळेच्या कचेरीतून दमून आली तरी आधी रोपांवर फवारा मारला. फवारता फवारता गुणगुणायचीही:

पान लांबलं लांबलं, त्याचा दोरा झाला बाई,
दोऱ्या टोकाला घागर, कुणी भरलीच नाही.

आठ महिन्यांपूर्वी पहिली मोठी सुरई उघडली. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, आणि भिंग तसंच राहिलं. काठावर तांबडे पट्टे होते. थोरलीचा काठ साधा काळपट, पोपटरावाचा हिरवागार. असे पट्टे गावात एकाच झाडाला होते, चष्मेवाल्याच्या ‘पट्टेदारा’ला.

अत्तराची डबी त्यांना शिवणयंत्राच्या खणात सापडली. धुतलेली, बटणांनी भरलेली. तेव्हा त्यांना आठवलं, थोरली फुलली त्याच आठवड्यात बर्फ काढायला म्हणून फ्रीज बंद केला होता, असं ती बोलता बोलता म्हणाली होती.

राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर आली ती चार दिवसांच्या मुदतीत परक्या दाराची घंटा वाजवणारी सूनबाई. त्या दिवसापासून आभाराचे दोन शब्द त्यांच्या ओठांवर होते. ते बोलायचे, तर तिची चूक कळली हेही बोलावं लागणार. न बोलावं, तर पाटीवर खोटं नाव, आणि ती रोपं जातील तिथे तिथे ते खोटंही जाणार.

“थोरली, फुली,” ती म्हणाली. “पुढे?”

घड्याळजींनी भिंग उचललं, परत ठेवलं.

“बाबा, पुढे पोपटरावच ना?” पेन्सिल कागदावर टेकली होती, पण चालत नव्हती.

“पट्टेदार लिही.”

तिने मान वर केली नाही. तशीच म्हणाली, “कधी कळलं?”

“आठ महिने झाले.”

“आणि आठ महिने माझ्या हातचा चहा पीत गप्प बसलात?”

“तू तीन वर्षं बसलीस. माझ्यापेक्षा मुरलेली.”

ती हसली, पण नाक ओढून. “पराग भिजून गोळा झाले होते. तुम्ही खाटेवर. सांगणार कशी? गेले त्यांच्याकडे. वाटलं, दारातूनच पिटाळतील. तर म्हणाले, आत ये, म्हातारा कसा आहे? जिना चढून स्वतः पुडी बांधून दिली. वर म्हणाले, त्याला सांगू नकोस, माझ्या झाडाचे म्हटल्यावर त्याच्या घशाखाली उतरायचे नाहीत.”

“बरोबर ओळखतो मला.” घड्याळजींनी एक कुंडी पुढे ओढली. “त्या प्रदर्शनात तोच खरा होता. पाटी माझीच चुकली होती. उद्या त्यालाही बोलावू. पहिलं रोप त्याचं.”

सूनबाईने ‘पट्टेदार’ लिहिलं. एक पाटी, दोन, तीन. अकरावी लिहून ती उठू लागली तेव्हा घड्याळजी म्हणाले, “बस जरा.”

ती बसली.

“मी बरा होऊन घरी आलो, ते या रोपांकडे बघायला मिळेल म्हणून. तिथे खाटेवर मी रोज त्याचेच दिवस मोजत होतो. फ्रीज बंद झाला ती चूक, पण त्यानंतर तू जे केलंस ते माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. तुझे उपकार आहेत माझ्यावर, पोरी. हे मी आधीच बोलायला हवं होतं.”