पंपाकडची कड

माझा भाऊ ऋतिक विहिरीत गेला आणि गावानं त्याच दिवशी निकाल लावून टाकला, की पोरानं उडी मारली. पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला, त्यातून पट्टीचा पोहणारा. असा पोरगा आपल्याच विहिरीत बुडतो कसा? लासुर्ण्यात अक्कल फुकट वाटतात. माझे वडील, तात्या, मात्र तेव्हापासून कुणाकडे मान वर करून बघेनात.

दहावा झाल्यावर रीतीप्रमाणे विहीर उपसली. माणूस गेलेलं पाणी आम्ही ठेवत नाही. तळ उघडा पडला तशी मी टेप घेऊन खाली उतरले. पुण्यात माझी नोकरीच ती आहे, खडकातल्या भेगा कुठं आहेत आणि एकमेकींपासून किती लांब आहेत ते मोजायची. भेगा कधी सारख्या अंतरानं नसतात. माणसांसारख्याच कुठं घोळका करतात, कुठं एकट्याच असतात.

भाऊ गेलेल्या विहिरीत टेप धरवत नव्हता. तरी मोजलं. तीन बाजूंना अखंड काळा पाषाण, दोन-दोन हातांवर एखादी भेग. पंपाकडच्या कडेला मात्र चार बोटांवर भेगा, आणि त्या तिरप्या खाली जाऊन एकमेकींना मिळालेल्या. त्यांच्यामधला एक दगड जागेवर नव्हता. तो निघाला तिथं अजून शेवाळही धरलं नव्हतं. दगड तळाच्या गाळात सापडला, आणि त्याच्याखाली ऋतिकची चप्पल.

वर येऊन मी अंगणातच सांगितलं, "तात्या, त्यानं उडी न्हाय मारली. कड तुटली. त्याच्या कपाळावर जी खोक हुती, ती त्याच दगडाची हाय."

तात्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मग डोळे पुसून, टोपी घालून गावात सांगायला निघाले. मला वाटलं, चला, घरावरचा डाग तरी पुसला गेला.

आई चुलीपाशी बसली होती.

"म्हंजी पंप बंद कराया गेला, आन् कड तुटली?"

"व्हय, आई."

"मीच धाडला हुता. भूक लागलीया, जेवून जातो म्हनत हुता."

"तुझी काय चूक न्हाय त्यात."

तिनं ते ऐकलंच नाही. "इतकं दिस मी मनाला समजावत हुते, त्यालाच जीव नकोसा झाला हुता, सुटला बिचारा," ती म्हणाली. "पर त्याला तर जेवायचं हुतं गं."