दाखवायचा पाय

सुहासिनी साळवे यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय धुतले, पुसले, पट्ट्या बांधल्या. पण स्वतःच्या पायाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात त्या मेट्रन होत्या. नवरा गेल्यावर पहाडगंजचं घर आवरून त्या नोएडाला मुलाकडे, जयंतकडे राहायला आल्या आणि आल्या दिवसापासून एकच पालुपद: "माझा कुणाला भार नको." ताट स्वतः घासायचं, गोळ्या स्वतः आणायच्या, ताप आला तरी दार लोटून पडून राहायचं. सून रसिका पुण्याच्या हिंदू घरातली. बिचारी ऑफिसातून दमूनभागून आली तरी म्हणायची, "आई, राहू द्या ना, मी करते." बाई ऐकतील तर शपथ.

याला त्या नम्रता म्हणत. लोकही तेच म्हणत, म्हणून तर पंचाईत. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणाऱ्या मुलांना शिकवताना त्या सांगत, "लहान मुलासारखं व्हा, देवाला तेच आवडतं." आणि लहान होणं म्हणजे कुणाकडे काही न मागणं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आता मूल काही मागत नाही, असं ज्याने एकदा तरी मूल वाढवलंय तो म्हणेल का? पण मेट्रनबाईंना सांगणार कोण!

जानेवारीच्या थंडीत त्यांनी हीटरपुढे पाय शेकले. मधुमेहाने पायातली जाणीव गेलेली, त्यामुळे चटका बसला तो कळलाच नाही. डाव्या पायाचा मोजा काढताना कातडी सोबत आली, तेव्हा कळलं. साखरेच्या पेशंटने शेकोटीजवळ पाय न्यायचा नाही, हे त्यांनी वॉर्डात किती जणांना दटावून सांगितलं असेल. आणि आता स्वतःच? ही लाज त्यांना जखमेपेक्षा जास्त झोंबली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. न्हाणीघराला कडी लावून, रसिकाचा गोल आरसा फरशीवर ठेवून त्या तळवा बघत आणि जमेल तशी पट्टी बांधत. वाकवत नसे. डोळ्यांना नीट दिसत नसे.

जखम काही भरेना. एप्रिल उजाडला तसं करंगळीशेजारचं बोट काळं पडायला लागलं. काळं बोट म्हणजे पुढे काय, हे त्यांना डॉक्टरला विचारायची गरज नव्हती. अशा पेशंटांना त्यांनीच ऑपरेशनला पाठवलं होतं, काहींना गुडघ्यापर्यंत पाय गमावून परत येताना पाहिलं होतं. पाय जाणार, आणि वेळीच दाखवला नाही तर जीवही जाईल. रोज सकाळी त्या ठरवत, आज सांगू. रोज संध्याकाळी जीभ टाळ्याला चिकटे.

"आई, एप्रिलात मोजे?" रसिकाने एकदा विचारलं.

"तुमचा एसी सोसत नाही मला."

मग एका रविवारी रसिका नेलकटर घेऊन त्यांच्या पायाशी येऊन बसली. "आणा, नखं काढून देते. तुम्हाला वाकवत नाही, दिसतंय मला." तिने मोज्याला हात घातला मात्र, बाईंनी पाय असा झटकन मागे ओढला की नेलकटर उडून पलंगाखाली गेलं. "हात लावू नकोस मला," त्या म्हणाल्या. रसिकाने वाकून पलंगाखाली हात घातला. नेलकटर शोधलं आणि उठून आत गेली.

अशात राजाभाऊंचा फोन आला. राजाभाऊ म्हणजे चर्चच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले होते, त्याची ही आठवण. "यंदा मंडळातर्फे तुम्ही, सुहासिनीबाई. तुमच्याइतकं नम्र दुसरं कोण आहे?"

बाईंनी मोज्यातला डावा पाय पलंगाखाली सरकवला. "नको हो, मी कसली..."

"बघा, म्हणूनच तुम्ही! आणि ऐका, उजवा पाय हं. फक्त उजवा, वेळ वाचतो. डावी चप्पल काढायचीसुद्धा नाही. आणि घरून जरा साबणाने धुऊन या. मागच्या वर्षी एकाने फजिती केली."

पाय धुवायच्या विधीला पाय धुऊन जायचं! पण बाईंना हसू आलं नाही, त्यांचा जीव भांड्यात पडला. उजवा पाय धडधाकट होता.

गुरुवारी जयंत बंगलोरला होता, म्हणून रसिका लवकर घरी आली, सासूला न्यायला. नात कृतिकाला शेजारी ठेवायचं होतं. ती पाच वर्षांची बया सोफ्यावर बसली आणि सँडलसकट पाय थेट आजीच्या मांडीवर टाकला. "आजी, बकल लाव." लाज नाही, आभार नाही, आजीकडे बघणंसुद्धा नाही. बकल लागलं तशी उडी मारून पळाली. बाई आपल्या रिकाम्या मांडीकडे बघत राहिल्या.

चर्चमध्ये वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतल्या खंडेराव गायकवाडांनी पायाला अत्तर लावलं होतं, खोटं कशाला बोलू, वास चांगला होता. फादर मूळचे झारखंडचे, वयाने बाईंच्या मुलाएवढे. ते गुडघे टेकत, तांब्याने पाणी घालत, टॉवेलने टिपत, वाकून पायाचं चुंबन घेत आणि पुढे सरकत. बाईंपुढे आले. कोमट पाणी पडलं. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्या पायाला हात लावला होता. या पायाला थोडीफार जाणीव उरली होती, ऊब पोटरीपर्यंत चढली. मग फादर वाकले आणि त्यांनी त्या गोऱ्यागोमट्या, साबणाने घासलेल्या, काहीही न झालेल्या पायावर ओठ टेकवले.

डावा पाय तिथेच शेजारी मोज्यात होता, सडत.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आपण देवालासुद्धा दाखवायचा पाय दाखवला, हे त्यांना स्वच्छ कळलं. इतकी वर्षं ज्याला आपण नम्रता म्हणत आलो तो ताठा होता, मोज्यात घातलेला. कृतिकाला जे जमतं ते आपल्याला जमत नाही. पाय पुढे करायचा आणि म्हणायचं, लाव. बस, एवढंच तर होतं.

प्रार्थना संपल्यावर राजाभाऊ येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहिलंत? रडू आवरेना बाईंना. याला म्हणतात भक्ती." दोघीचौघींनी माना डोलावल्या. बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी.

त्या कशाबशा अंगणातल्या बाकापर्यंत गेल्या. रसिका उजवी चप्पल हातात घेऊन मागून आली, ती त्यांच्या पायाशी ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. घालू का, असं तिने विचारलंही नाही. विचारणं तिने त्या रविवारपासून बंद केलं होतं.

"रसिका," बाई म्हणाल्या. "इकडे ये गं. माझा पाय बघ."

"काय झालं आई? आत्ता तर धुतला."

"तो नाही. हा." आणि त्यांनी डावा पाय पुढे केला. "मला काढता येत नाही. तू काढ."

रसिका खाली बसली. तिने चप्पल काढली, मोजा हळूहळू उलटा करत आणला. पट्टी चिकटली होती. वास आला तसा तिने श्वास रोखला, पण हात मागे घेतला नाही. काळी बोटं आता दोन झाली होती. मोबाइलच्या उजेडात ती बराच वेळ बघत राहिली.

"कधीपासून?"

जीभ सवयीने म्हणणार होती, दोनचार दिवस. "जानेवारी," बाई म्हणाल्या. "हीटरवर भाजलं. मीच भाजून घेतलं."

रसिकाने मान वर केली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज रागाने थरथरत होता. "मला वाटलं, मी तुमच्यातली नाही, म्हणून तुम्हाला माझा हात नको असतो. इतके दिवस मी हेच समजतेय, आई. जयंतशी भांडलेसुद्धा यावरून."

बाईंच्या हे स्वप्नातही आलं नव्हतं. भार नको म्हणता म्हणता केवढा भार या पोरीच्या उरावर टाकून ठेवला होता. क्षमा मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण भलतंच बाहेर आलं. जे वॉर्डात, नवऱ्याच्या मरणात, कुणासमोर कधी आलं नव्हतं ते आलं.

"मला भीती वाटतेय गं," त्या म्हणाल्या. "पाय कापतील. मला धर."

रसिकाने त्यांना धरलं. मग एका हाताने फोन काढला आणि इमर्जन्सीला न्यायला गाडी बोलवली. राजाभाऊ प्रसादाचा पाव घेऊन येत होते, ते बाकापर्यंत आले आणि पाय बघून जागच्या जागी थांबले. बाईंनी पाय झाकला नाही. गाडी येईपर्यंत तो रसिकाच्या मांडीवरच होता.